चित्रपट पुरस्कारासाठी पात्र कसा करावा: ‘सलग सात दिवस’ ही खरी अडचण

प्रवेशिका भरण्यापूर्वी कॅलेंडर समोर घ्यावे, कारण प्रत्येक पुरस्काराचे वर्ष वेगळ्या गोष्टीवरून मोजले जाते. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारासाठी सेन्सॉर प्रमाणपत्राची तारीख त्या वर्षाच्या १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळातली असावी लागते. प्रदर्शनाची तारीख तेथे पाहिली जात नाही. ‘कोर्ट’ या मराठी चित्रपटाला २०१४ या वर्षाचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा तो चित्रपटगृहांत लागलेलाही नव्हता, तो एप्रिल २०१५ मध्ये प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षी भारताची प्रवेशिका म्हणून ऑस्करला गेला. डिसेंबरच्या मध्यावर प्रमाणपत्रासाठी अर्ज करून ‘याच वर्षात बसेल’ असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. सेन्सॉरच्या समितीने एक कट सुचवला तरी तारीख जानेवारीत जाते.

इंग्रजी सबटायटल्स करून घ्यावीत, गाण्यांचीसुद्धा.

ऑस्करच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट विभागात प्रत्येक देशाचा एकच चित्रपट जातो आणि आपल्याकडे तो फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया निवडते. चित्रपट ४० मिनिटांहून मोठा असावा, त्यातले निम्म्याहून अधिक संवाद इंग्रजीखेरीज अन्य भाषेत असावेत, आणि ठरलेल्या मुदतीत (९८व्या ऑस्करसाठी ती १ ऑक्टोबर २०२४ ते ३० सप्टेंबर २०२५ अशी होती) तो अमेरिकेबाहेर व्यावसायिक चित्रपटगृहात सलग सात दिवस चाललेला असावा.

या ‘सलग’ शब्दाने मला एकदा चांगलेच पोळले आहे. आमचा चित्रपट ठाण्यातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये शुक्रवारी सकाळच्या एकाच शोवर लागला, सोमवारी प्रेक्षक घटले, आणि बुधवारी एका मोठ्या हिंदी चित्रपटाच्या आगाऊ खेळांसाठी आमचा शो न कळवता उतरवण्यात आला. गुरुवारी तो परत लागला. निर्माते म्हणाले, सहा दिवस तर झालेच आहेत, उरलेला एक पुढच्या शुक्रवारी जोडू. असा दिवस जोडता येत नाही. मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते, आणि आमच्याकडे मुदत संपायला चारच दिवस उरले होते.

तेव्हापासून मी सातही दिवसांचे शो, स्क्रीन आणि वेळा चित्रपटगृहाकडून लेखी घेतल्याशिवाय पोस्टर छापायला देत नाही. ठाण्याबरोबर वाशीतही एक शो लावतो. दोन्हीकडचे दिवस एकत्र करण्यासाठी नव्हे, तर एकीकडचा शो तुटला तरी दुसरीकडे सात दिवस पूर्ण व्हावेत म्हणून. एकही तिकीट विकले गेले नाही तर शो रद्द होण्याची भीती असते, त्यामुळे आत्या-मावश्यांना मंगळवार, बुधवार, गुरुवार वाटून द्यावेत. सगळ्यांनी शुक्रवारी गर्दी करून काहीही साधत नाही. रोजचा डीसीआर (त्या दिवसाच्या तिकीटविक्रीचा अहवाल) त्याच रात्री मागून घ्यावा आणि वर्तमानपत्रातील जाहिरातीचे कात्रण, तिकिटे व शोच्या वेळांच्या फलकाचे छायाचित्र त्याला जोडून ठेवावे. महिनाभराने हेच कागद मागायला गेल्यास व्यवस्थापक बदललेला असतो.

गडकरी रंगायतनात किंवा वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात निमंत्रितांसाठी केलेला खेळ या सात दिवसांत धरला जात नाही. ‘आधी ओटीटीला विका, ऑस्करचे नंतर पाहू’ हा सल्ला तर सरळ धुडकावून लावावा, कारण चित्रपटगृहाआधी टीव्हीवर किंवा ओटीटीवर आलेला चित्रपट स्पर्धेतून बाद होऊ शकतो.

सर्वोत्कृष्ट चित्रपटासारख्या सर्वसाधारण विभागांसाठी हे सात दिवस लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, शिकागो अशा ठरावीक अमेरिकन महानगरांपैकी एकात भरावे लागतात. तेथे दररोज किमान तीन खेळ हवेत आणि त्यातला एक संध्याकाळी सहा ते दहाच्या दरम्यानचा हवा. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी त्यापुढेही आणखी शहरांतील प्रदर्शनाची अट आहे, तेव्हा तेथील वितरक हाताशी नसलेल्यांनी या वाटेला जाऊ नये. चित्रपट श्रेयनामावलीसह ४० मिनिटांत संपत असेल, तर लघुपट विभागासाठी अकादमीच्या यादीतील महोत्सवात पात्रता देणारा पुरस्कार मिळवण्याचा मार्ग खुला असतो, आणि त्याला चित्रपटगृहाच्या व्यवस्थापकाची मनधरणी करावी लागत नाही.