रंग वाळेपर्यंतचा आठवडा

पूर्णवेळ चित्रं काढायला लागून मला आता आठ-नऊ वर्षं झाली. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दिवसाला किती तास काम करता?" मी दर वेळी अडखळते. माझ्या कामाचे तास घड्याळ ठरवत नाही, तैलरंगातलं जवसाचं तेल ठरवतं.

तैलरंग वाळतो म्हणजे त्यातलं काही उडून जातं, असा माझाही समज होता. प्रत्यक्षात तेल हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि हळूहळू घट्ट होत जातं. त्याला वेळ लागतो आणि तो प्रत्येक रंगाला वेगळा लागतो. अंबर या मातकट तपकिरी रंगात मॅंगनीज असतं, म्हणून तो एक-दोन दिवसांत हाताला कोरडा लागतो. आयव्हरी ब्लॅक, कॅडमियमचे लाल-पिवळे, टायटेनियम व्हाइट हे सगळे रेंगाळणारे. थर जाड असेल तर आठवडा कुठे गेला कळतही नाही.

हे सगळं शिकताना मी वहीत लिहून घेतलं होतं. वहीतलं हातात यायला मात्र एक व्यक्तिचित्र वाया जावं लागलं. पहिल्याच वर्षी मिळालेलं काम, तारीख जवळ आलेली, पार्श्वभूमीला काळ्याचा भरपूर तेल घातलेला जाड थर. तो ओला असतानाच मी त्यावर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला अंबर फिरवला. वरचा थर दुसऱ्या दिवशी कोरडा, म्हटलं झालं काम. खालचा काळा पुढे कित्येक आठवडे हलत राहिला आणि काही महिन्यांनी चेहऱ्यामागे केसासारख्या भेगा उमटल्या. चित्र परत आलं. पैसे परत गेले. 'पी हळद आणि हो गोरी' ही म्हण कुणी माझ्यासाठीच करून ठेवली असावी. कमी तेलाचा थर खाली, जास्त तेलाचा वर, हा नियम तेव्हापासून मला पाठ करावा लागलेला नाही.

त्या भेगांनंतर मी आठवडा लावायची पद्धतच बदलली. आता स्टुडिओत एका वेळी निदान तीन कॅनव्हास चालू असतात, वेगवेगळ्या टप्प्यांवर. फ्रेंच चित्रकार मोने १८९२-९३ मध्ये रूआँ गावच्या कॅथीड्रलसमोर बसला, तेव्हा तोही अनेक कॅनव्हास सोबत ठेवायचा आणि ऊन सरकलं की पुढचा घ्यायचा. तो प्रकाशाच्या मागे होता, मी वाळण्याच्या मागे आहे, एवढाच फरक. (आणि प्रतिभेचा. तो सोडून देऊ.)

सोमवारी सकाळी मी आधी काहीच रंगवत नाही. बोटाच्या मागच्या बाजूने प्रत्येक चित्राचा कोपरा तपासते. कोरडं निघालं ते ईझलवर, म्हणजे रंगवायच्या घोडीवर, चिकट निघालं ते भिंतीकडे तोंड करून. भिंतीकडे तोंड करण्याला कारण आहे. समोर राहिलं की हात शिवशिवतो आणि ओल्यात ब्रश घातला की रंगांचा चिखल होतो. नवं चित्र सुरू करायचं असेल तर तेही सोमवारीच, अंबरच्या पातळ अंडरपेंटिंगने (सगळ्यात खालच्या थराने), म्हणजे बुधवार-गुरुवारपर्यंत त्यावर पुढचा थर चढवता येतो. जाड पांढरा आणि कॅडमियम मी शक्यतो शनिवारी लावते, कारण रविवारी मी स्टुडिओत नसतेच.

कमिशनचं, म्हणजे कुणी सांगून काढून घेतलेल्या चित्राचं काम याच हिशेबात बसवायचं असतं. नवशिक्या मंडळींना माझं कळकळीचं सांगणं आहे, तारीख देताना रंगवण्याचे दिवस मोजू नका, वाळण्याचे मोजा. मी अर्धी रक्कम आधी घेते, रेखाटन मंजूर करून घेते आणि 'हातात मिळण्याची तारीख' वेगळी लिहून देते. वॉर्निशचा थर सहा महिने ते वर्षभरानंतर द्यावा लागेल, हेही त्याच कागदावर असतं. आधी सांगितलं तर लोकांना ते आवडतं, नंतर सांगितलं तर बहाणा वाटतो.

संध्याकाळी आवरण्यात एक गोष्ट चुकवायची नाही. जवसाचं तेल लागलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत. तेल ऑक्सिजन घेताना उष्णता सोडतं, चुरगळलेल्या फडक्यात ती अडकते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. मी ती पाणी घातलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकून घट्ट झाकण लावते. नव्या माणसाला स्टुडिओची किल्ली दिली की मी आधी हा डबा दाखवते, मग दिव्याची बटणं.

मंगळवार लिनोचा, म्हणजे लिनोलियमची पाटी कोरून तिचे छाप काढण्याचा. तैलरंग वाळताहेत तोवर हात मोकळा ठेवण्यापेक्षा दुसरं माध्यम घ्यावं आणि लिनोकट मला त्यासाठी फार आवडतो, कारण त्यात मागे फिरता येत नाही. गंमत म्हणजे लिनोही जवसाच्याच तेलाचा. फ्रेडरिक वॉल्टनने १८६३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं ते जमिनीवर अंथरण्यासाठी. घट्ट झालेलं तेल, बुचाचा (कॉर्कचा) भुगा, खाली तागाचं कापड. म्हणजे ज्याच्या वाळण्याची मी वाट बघत बसते, ते आधीच वाळवून कुणीतरी माझ्या हातात दिलेलं. थंडीत पाटी कडक होते, तेव्हा ती थोडी ऊबदार केली की कटर सहज चालतो. कोरणारा हात पुढे आणि धरणारा हात कायम कटरच्या मागे. आणि अक्षरं उलटी कोरायची. माझ्या पहिल्या पंचवीस प्रतींवर माझी सही आरशात बघावी तशी आहे. त्यातल्या काही विकल्या गेल्या. घेणाऱ्यांना वाटलं, शैली असेल.

बुधवारी बिलं, फोटो, फ्रेमवाल्याशी बोलणं, कोऱ्या कॅनव्हासवर जेसो या पांढऱ्या अस्तराचे थर. त्यात सांगण्यासारखं काही नाही, पण टाळलं तर गुरुवार नासतो.

गुरुवारी संध्याकाळी मित्रमंडळी येतात. आम्ही पाचजण आहोत, एक शिल्पकार, एक प्रिंटमेकर, दोघं पेंटर आणि एक मुलगी जी फक्त जलरंगात काम करते आणि आम्हा तेलवाल्यांची कीव करते. तिचा कागद चहूबाजूंनी ओल्या गोंदपट्टीने फळीवर ताणलेला असतो आणि ती तासाभरात चित्र संपवून उठते. चौरस मीटरला ६४० ग्रॅम भरणारा जाड कागद घेतला तर ताणायचीही गरज नसते, हे तिनेच सांगितलं. जलरंग वाळला की फिका पडतो आणि ॲक्रिलिक वाळला की गडद होतो, त्यामुळे एकमेकांच्या चित्रावर बोलताना आम्ही आधी विचारतो, "वाळलंय का?"

सुरुवातीला या संध्याकाळी नुसत्या स्तुतीत जायच्या. "छान झालंय" ऐकून माणूस सुखावतो आणि तसाच घरी जातो. मग शिल्पकार मैत्रिणीने नियम काढला. "कसं वाटलं?" असं विचारायचंच नाही. विचारायचं, "नजर आधी कुठे गेली आणि कुठून बाहेर पडली?" यावर खोटं बोलता येत नाही. मी एका घराच्या चित्रात दारातल्या बाईवर दोन आठवडे घालवले होते आणि पाचांपैकी चौघांची नजर डाव्या कोपऱ्यातल्या पांढऱ्या भिंतीवर गेली. रात्री मी फोनवर त्याचा काळा-पांढरा फोटो काढून पाहिला. खरंच, सगळ्यात जास्त उजेड-अंधाराचा विरोध त्या भिंतीपाशीच होता. रंग वेगळे असले म्हणून टोन (रंगांचा उजळ-गडदपणा) वेगळे असतातच असं नाही. चित्र उलटं टांगूनही हे दिसतं, पण तेव्हा दोन आठवड्यांचं प्रेम आडवं आलं होतं.

तुमचे असे चारजण नसतील तर ते शोधण्याचं काम स्टुडिओ भाड्याने घेण्याआधी करा. सगळे एकाच माध्यमाचे नसलेले बरे. आणि चित्र पूर्ण झाल्यावर नव्हे, बदलता येण्याजोगं असताना दाखवा. फक्त त्यांना हात लावू देऊ नका. त्याच मैत्रिणीने "हे ओलं आहे का?" म्हणत माझ्या आभाळात अंगठा रोवला होता. होतं.

शुक्रवारी मॉडेलसमोर लाइफ ड्रॉइंग. सुरुवातीला एकेक मिनिटाच्या पोझ, मग पाच, शेवटी वीस. एक मिनिटात नाक-डोळ्यांकडे वळलात की गेलात. वजन कोणत्या पायावर आहे तेवढं आलं तरी पुष्कळ. त्या सत्रातलं काहीही मी विकत नाही. आठवड्यात असा एखादा तास असू द्यावा.

शनिवारी सकाळी वर सांगितलेले जाड थर, दुपारी जमेल तेव्हा संग्रहालय. पूर्वी मी दालनामागून दालनं पालथी घालायची आणि पाय दुखण्यापलीकडे हाती काही लागायचं नाही. आता एकच चित्र निवडते आणि चाळीस मिनिटं त्याच्यासमोर पेन्सिलने त्याची टोनची रचना उतरवते. बहुतेक ठिकाणी पेन्सिल चालते, रंग चालत नाहीत, आधी विचारून घ्यावं. कधी चित्राशेजारची माहितीही कामाला येते. व्हॅन गॉगने १८८८ मध्ये काढलेल्या त्याच्या शयनगृहाच्या भिंती आज निळ्या दिसतात. त्याने पत्रात त्या फिक्या जांभळ्या असल्याचं लिहिलं होतं. त्या जांभळ्यातला लाल प्रकाशाने उडून गेला. हे कळलं त्या दिवशी घरी येऊन मी माझ्या सगळ्या ट्यूबा पालथ्या केल्या. ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक आणि टिकाऊपणाची खूण असते. रंगाच्या मोहक नावापेक्षा ते वाचावं. जुना अलिझरीन क्रिमसन, पीआर ८३, दिसायला देखणा पण प्रकाशात टिकत नाही. शंका असेल तर कागदावर पट्टी रंगवा, अर्धी काळ्या कागदाने झाका आणि उन्हाच्या खिडकीत काही महिने ठेवा. माझ्या खिडकीत अशा अकरा पट्ट्या आहेत. एक गुलाबी जवळपास दिसेनाशी झाली आहे.

रविवारी आम्ही पाचजण लँडस्केपला जातो. रंगाची ट्यूब १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने काढली. त्याआधी तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत, टाचणीने भोक पाडून पिळत. खांद्यावर बॅग टाकताना मला त्या पिशव्या आठवतात आणि वजनाबद्दलची माझी तक्रार बंद होते. तरी बॅग हलकीच असावी. पांढरा, एक पिवळा, एक लाल, अल्ट्रामरीन निळा, तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना, एवढे पाच रंग आणि २० बाय २५ सेंटीमीटरच्या दोन फळ्या पुरतात. पहिल्या वर्षी मी बावीस ट्यूबा नेत होते. त्यातला हवा तो रंग शोधेपर्यंत सावली पलीकडच्या झाडावर गेलेली असायची.

साधारण दीड-दोन तासांत प्रकाश बदलतो. म्हणून सावल्यांचे आकार आधी पक्के करायचे आणि मग त्या सरकल्या तरी आपण सरकायचं नाही. फळी आणि पॅलेट दोन्ही सावलीत हवीत. उन्हात फळी लखलखते, आपण नकळत गडद रंग लावतो आणि घरी आणल्यावर भर दुपारचं चित्र संध्याकाळचं निघतं.

एकमेकांपासून लांब बसतो, काम करताना बोलत नाही. मग पाचही चित्रं जमिनीवर ओळीने मांडतो. हा माझा आठवड्यातला सगळ्यात आवडता क्षण. एकच टेकडी, तीच वेळ आणि कुणाची निळी, कुणाची तांबूस. शिल्पकार मैत्रिणीच्या चित्रात झाडं नसतातच, नुसते उतार. कोण बरोबर, हा प्रश्न तिथे निघत नाही. कुणी काय वगळलं यावर मात्र परत येईपर्यंत भांडण चालतं. ओल्या फळ्या तोंडाला तोंड लावून आणायच्या, चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे ठेवून आणि चिमट्यांनी आवळून. बुचं विसरलात तर घरी एकाऐवजी दोन चित्रं खराब होतात.

परवाच्या सोमवारी मी नेहमीप्रमाणे बोट लावलं. अंबर कोरडा, हिरवा कोरडा. मोठ्या चित्रातला काळा अजून चिकट होता आणि ते चित्र शुक्रवारपर्यंत द्यायचं होतं. मी फोन करून आणखी दहा दिवस मागितले, कॅनव्हास भिंतीकडे फिरवला आणि मंगळवारची लिनोची पाटी एक दिवस आधीच टेबलावर घेतली.