माडीची लाकडी जमीन घासायला काढण्याआधी

गोव्यात घराची डागडुजी सुचते ती चवथीच्या तोंडावर. मुंबई-पुण्याहून माणसे येणार, गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधायची, म्हणून रंग, सफाई, पॉलिश सगळे श्रावणातच उरकायची घाई. भिंतींचे कसेबसे निभते, माडीवरच्या लाकडी जमिनीचे निभत नाही. इथे वर्षाला सुमारे ३ हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. हवेतली ती ओल फळ्या पितात, आडव्या फुगतात, कडा वर येतात. अशा जमिनीवर मशीन फिरवली की उचललेल्या कडाच कापल्या जातात. मग हिवाळ्यात लाकूड सुकून बसले की प्रत्येक फळी मधोमध फुगीर दिसते, आणि ते दुरुस्त करायला पुन्हा सगळे घासावे लागते. म्हणून यादीतली पहिली गोष्ट घासायचा पेपर किंवा पॉलिश नव्हे, तारीख आहे.

तारीख ठरवताना डिसेंबर सोडून द्या. नाताळाच्या आधी रंगारी आणि पॉलिशवाले हाताला लागत नाहीत, लागले तरी घाईत असतात. संक्रांत झाली की ते मोकळे होतात, हवा कोरडी असते, रात्री गारवा असतो. तिथपासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ आपला. एप्रिल-मेमध्ये पाऊस नसतो खरा, पण किनाऱ्याकडची हवा पुन्हा चिकट होते, पॉलिशचा कोट सुकायला वेळ लावतो.

तारखेच्या आधी छप्पर. पाऊस सरला की कौले शाकारून घ्या, फुटकी बदला, वाशांवर ओघळांचे डाग दिसतात का ते पाहा. वरून थेंब पडत असेल तर खालच्या पॉलिशला काही अर्थ नाही. गळतीखालच्या फळ्यांवर काळे डाग असतात, विशेषतः खिळ्यांभोवती. लाकडातले टॅनिन, खिळ्याचे लोखंड आणि पाणी यांचे ते काम. घासून ते पूर्ण जात नाहीत, कारण खोल मुरलेले असतात. हार्डवेअरच्या दुकानात ऑक्झॅलिक ॲसिडची पूड मिळते, कोमट पाण्यात विरघळवून डागावर लावली की काळेपणा बराच उतरतो. हातमोजे आणि चष्मा घालूनच हे करायचे, नंतर दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने पुसून पूर्ण वाळू द्यायचे. मागे राहिलेली पूड घासताना उडाली तर नाक-घसा जळतो.

आता जमीन नक्की कशाची आहे, ते तपासा. जुन्या माडीची फळी सागाची, मत्तीची, किंदळाची किंवा फणसाची असते, सहसा जाड, आणि खालच्या खोलीतून तुळयांवर टेकलेली सरळ दिसते. ती पुन्हा पुन्हा घासता येते. नव्या फ्लॅटमधली लाकडी दिसणारी फरशी मात्र बऱ्याचदा लॅमिनेट असते, म्हणजे वर छापील थर. तिला मशीन लावायचीच नाही. इंजिनिअर्ड लाकडात वरचा खरा लाकडाचा थर पातळ असतो. दाराच्या उंबऱ्याजवळची पट्टी काढून कडेने तो किती आहे ते बघा आणि मगच ठरवा.

टोकदार स्क्रूड्रायव्हर घेऊन भिंतीलगतच्या आणि खिडकीखालच्या फळ्या टोचून बघा. सहज आत गेला तर लाकूड पोखरलेले आहे. वाळवी मातीच्या नळ्या करून भिंतीवरून वर चढते, भुंगा बारीक गोल भोके पाडून पिठासारखा भुसा टाकतो. दोन्हींचा इलाज वेगळा, पण दोन्ही पॉलिशच्या आधी. कुजलेली फळी बदलायची असेल तर मेस्ताला, म्हणजे सुताराला, त्याच जातीचे, पूर्ण वाळलेले लाकूड शोधायला आधीच सांगून ठेवा. आयत्या वेळी तो जे हाताला लागेल ते बसवील, आणि नव्या-जुन्या फळ्यांचा रंग जन्मभर वेगळा दिसेल.

ओल मोजायचे छोटे यंत्र मिळते, दोन सुया टोचून आकडा दाखवणारे. ते विकत घ्यावे असे माझे ठाम मत आहे. घरात इतर ठिकाणीही कामाला येते. खोलीत पाच-सहा ठिकाणी, भिंतीजवळ आणि मध्यभागी, आकडे घेऊन वहीत लिहा, आठवड्याने पुन्हा घ्या. आकडा हलायचा थांबला की काम सुरू करायला हरकत नाही. आपल्याकडच्या हवेत लाकूड कधी कोरडे ठणठणीत होत नाही. हवेत साठ टक्के आर्द्रता असेल तर लाकडातली ओल अकरा टक्क्यांच्या आसपास थांबते, ऐंशी टक्के असेल तर सोळाच्या जवळ जाते. या दोन आकड्यांत १५ सेंटिमीटर रुंद सागाची फळी साधारण एक ते दीड मिलिमीटर आडवी फुगते. लांबीत ती जवळजवळ बदलत नाही.

हा हिशेब लक्षात ठेवा, कारण जानेवारीत फळ्यांमधल्या फटी पाहून बहुतेकांचा हात पुटीनकडे जातो. फट ही पावसाळ्यासाठी ठेवलेली जागा आहे. ती घट्ट बुजवली की जुलैत फुगलेल्या फळीला सरकायला वाव राहत नाही. भरलेले तुकडे बाहेर ढकलले जातात किंवा फळीच उचलते. रुंद भेगेत हवे तर त्याच लाकडाची पट्टी एका बाजूला चिकटवून घ्या, केसाएवढ्या फटी तशाच सोडा. खिळ्यांची भोके, गाठींची छिद्रे बुजवायला ऐंशी नंबरच्या पेपराच्या घासाईतून निघालेला भुसा आणि बाइंडर कालवून लावला की रंग जुळतो. त्यासाठी भुश्याची एक पिशवी वेगळी काढून ठेवा.

जुन्या फिनिशचा अंदाज आधी घ्यावा. जमिनीवर पाण्याचे दोन थेंब टाका. ते मोत्यासारखे बसून राहिले तर फिनिश अजून जिवंत आहे, वरवर घासून नवा हात मारला तरी भागेल. थेंब मुरून लाकूड काळवंडले तर पूर्ण घासाई लागेल. मग टर्पेंटाइनमध्ये भिजवलेले पांढरे फडके चोळा. पिवळट चिकट मळ आला तर पूर्वी मेण लावलेले आहे, आणि मेणावर पीयू (पॉलियुरेथेन, प्लास्टिकसारखा कडक थर देणारी पॉलिश) धरत नाही. भिंतीकडेच्या पट्टीवर जुना ऑइल पेंट असेल तर जास्त जपा. घरातल्या रंगात शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंतच (दहा लाख भागांत ९० भाग) असावे हा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, त्याआधीच्या रंगात ते किती असेल सांगता येत नाही. असा रंग कोरडा घासून धूळ उडवू नका.

माडी रिकामी करायची म्हणजे फक्त कपाटे हलवायची असे नाही. जुन्या घरात फळ्यांच्या फटींतून धूळ सरळ खालच्या खोलीत गळते. खाली देव्हारा असेल तर देव आधीच दुसऱ्या खोलीत हलवा, गाद्या, पुस्तके, टीव्ही, धान्याचे डबे प्लास्टिकने झाका. जुन्या फोटोंच्या काचाही झाका, नाहीतर आजोबांच्या मिशा पांढऱ्या होतात. वरच्या दारांना ओल्या चादरी लावा. लाकडाची बारीक धूळ फुप्फुसांना वाईट, आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था ती कर्करोगकारक गटात धरते. कामगार फडके बांधून काम करतील, पण आपण चांगले मास्क आणून द्यावे. धुळीच्या पिशवीजवळ विडी नको, हे स्पष्ट सांगा.

विजेचे आधीच पाहून घ्या. मोठी सँडिंग मशीन जुन्या वायरिंगवर चालवली की फ्यूज उडतो, इन्व्हर्टरवर ती चालतच नाही. १६ अँपिअरचा प्लग कुठे आहे ते पाहा, जाड एक्स्टेन्शन मागवा, आणि वीज खात्याने त्या आठवड्यात शटडाऊन जाहीर केला आहे का ते वर्तमानपत्रात बघा. मशीन चालू असताना फिरणारा ड्रम एका जागी थांबला की खड्डा पडतो, म्हणून मशीन पुढे सरकतानाच खाली टेकवायची आणि थांबण्याआधी उचलायची. त्याआधी एकेक खिळा पंचाने फळीच्या आत ठोकून घ्या. वर राहिलेले एक डोके पेपराचा अख्खा पट्टा फाडते.

मेस्ताशी पेपराचे नंबर आधी बोला. जास्त खराब जमिनीला ४०, मग ६०, ८० आणि शेवटी १०० किंवा १२०. मधला नंबर गाळला तर आधीच्या ओरखड्यांच्या रेघा पॉलिशनंतर उठून दिसतात, आणि त्या तेव्हा काढता येत नाहीत. घासाई लाकडाच्या रेषांच्या दिशेने. प्रत्येक नंबरानंतर व्हॅक्यूम, फक्त झाडू नव्हे.

फिनिश कोणती, हा घराघरातला वाद. फ्रेंच पॉलिश दिसायला सर्वांत सुंदर, पण चपडीची लाख पाण्याने आणि दमट हवेने पांढरट पडते, चालत्या जमिनीवर टिकत नाही. मेलामाइन कडक, मात्र वास तीव्र. माझा कौल पाण्याच्या पीयूकडे: रंग पिवळट होत नाही आणि घरात लवकर राहता येते. सॉल्व्हंटचा पीयू फळ्यांना उबदार झाक देतो, पण पुढच्या काळात अधिक पिवळा पडतो. खिडकीजवळच्या एका कोपऱ्यात दोन्ही लावून बघा, आणि कोटांमधला वेळ डब्यावर लिहिलेलाच पाळा.

अळशीच्या तेलाने काम करणार असाल तर वापरलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता निघते, गोळा केलेले फडके आपोआप पेटू शकते. ती एकेक करून बाहेर वाळत घाला किंवा पाण्याच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

शेवटच्या कोटानंतर पहिला दिवस कुणी वर जाऊ नये. सामान आठवड्याने, गालिचे आणखी दोन-तीन आठवड्यांनी. खुर्च्या-कपाटांच्या पायांना फेल्टचे तुकडे आधीच कापून ठेवा. दाराशी दोन पायपुसणी, एक बाहेर, एक आत. समुद्रावरून आलेल्या पोरांच्या पायांतली रेती फिनिशपेक्षा कडक असते. पुसायचे ते घट्ट पिळलेल्या फडक्याने. फिनाइलच्या बादल्या ओतायच्या नाहीत आणि वाफेची मशीन अजिबात नको. पावसाळ्यात पाऊस थांबला की खिडक्या उघडा, ओल्या छत्र्या खालीच ठेवा. उरलेल्या पीयूच्या डब्यावर खोलीचे नाव, ब्रँड, किती कोट झाले आणि तारीख मार्करने लिहून घट्ट बंद करा, डबा उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका.