माजाच्या दिवसांत व्हाइटटेलची शिकार: विस्कॉन्सिनची सहल कशी आखावी

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटटेलच्या, म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या, शिकारीचा बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरचा चौथा गुरुवार) आधीच्या शनिवारी सुरू होतो. तोवर माजाचा जोर बराच ओसरलेला असतो. तो जोरात असतो नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. म्हणून धनुष्याचा किंवा क्रॉसबोचा (बंदुकीसारखा घोडा ओढून बाण सोडायचं धनुष्य) परवाना काढा आणि ३ ते १४ नोव्हेंबरमधली सलग पाच-सहा दिवसांची रजा टाका. माज दिवसाच्या लांबीवर ठरतो, त्यामुळे तारखा दरवर्षी जवळपास त्याच राहतात. थंडी पडली की उजेडातली हालचाल तेवढी वाढते. याच सुमारास, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, घड्याळ तासभर मागे जातं. शिकारीला परवानगी असलेल्या वेळा राज्याच्या तक्त्यातून पुन्हा तपासा.

१ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्म असेल तर हंटर एज्युकेशनचं, म्हणजे शिकारीच्या प्रशिक्षणाचं, प्रमाणपत्र लागतं. ते उन्हाळ्यातच उरका. एच-१बीवर असाल आणि पुढे बंदुकीनेही शिकार करायची असेल, तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: फेडरल कायदा अशा व्हिसावर बंदूक बाळगू देत नाही, वैध शिकार परवाना हा त्यातला अपवाद आहे. परवाना हातात येईपर्यंत मित्राच्या रायफलीलाही हात लावू नका.

जागा निवडताना नरापेक्षा माद्यांचा माग काढा. मादी जेमतेम एक दिवस माजावर असते. फळली नाही तर साधारण २८ दिवसांनी पुन्हा माजावर येते. म्हणून नर माद्यांच्या बसायच्या झाडीवरून वारा ज्या बाजूला येतो, त्या कडेने वास घेत फिरतो. अशा दोन झाडींना जोडणारी जंगलाची अरुंद पट्टी सगळ्यांत चांगली. नराने खुरांनी उकरलेल्या जागेवर या दिवसांत बसणं बहुधा वाया जातं. पाठलाग सुरू झाला की तो तिकडे फारसा फिरकत नाही. वेगवेगळ्या वाऱ्यांसाठी तीन-चार जागा हेरून ठेवा आणि वारा उलटा असेल तर त्या जागेवर चढूच नका. नैर्ऋत्येकडच्या डोंगराळ भागात संध्याकाळी गार हवा उतारावरून खाली सरकते आणि तुमचा वास थेट घळीत पोचवते, तिथेच हरणं असतात.

सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळात बसलेली जागा सोडू नका. एका मादीला सोडून दुसरी शोधणारा नर भर दुपारीही निघतो. मचाणावर चढताना जमिनीपासूनच हार्नेस (अंगावरचा सुरक्षा-पट्टा) दोरीला अडकवा. चढता-उतरतानाच माणसं पडतात.

क्रॉसबोने ३० यार्डांच्या आत, नर आडवा उभा असतानाच बाण सोडा. चालत असेल तर तोंडाने हलकंसं ‘मॅऽ’ करा, तो क्षणभर थबकतो. धावत्यावर नकोच. नंतर बाण तपासा. फेसाळ, गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस: अर्ध्या तासाने मागावर जा. हिरवट, उग्र वासाचा असेल तर पोटाला लागलाय: किमान आठ तास थांबा, नाहीतर जखमी जनावर उठून दूर जातं आणि हाती लागत नाही.

सापडल्याबरोबर आतडी काढून पोकळीत बर्फाच्या पिशव्या भरा, मांस ४ अंश सेल्सियसखाली ठेवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत हरणाची नोंदणी करा. इथे २००२ पासून हरणांत सीडब्ल्यूडी हा मेंदूचा रोग आढळतो. तपासणीला नमुना द्या, निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये वेगळं ठेवा, आणि रोग निघाला तर खाऊ नका.