रखरखत्या डोंगरात वाट चुकलेल्यांचा शोध कसा घ्यावा

चैत्र-वैशाखात सातमाळा किंवा सेलबारी-डोलबारी रांगेत कोणी वाट चुकल्याची बातमी आली, की पायथ्याच्या गावात पाहता पाहता माणसे गोळा होतात आणि जो तो सापडेल त्या वाटेने वर निघतो. हेतू उत्तमच असतो. परंतु याच पहिल्या तासात पाऊलखुणा तुडवल्या जातात, कोण कोठे गेले याची नोंद राहत नाही आणि दुपारपर्यंत शोधणाऱ्यांपैकीच एखादा ऊन लागून पडतो. नाशिक परिसरातील ट्रेकिंगचे गट, पायथ्याच्या गावांतील तरुण मंडळे आणि पोलीस पाटील यांना उपयोगी पडावी, या हेतूने शोधाची पद्धत येथे सविस्तर मांडली आहे.

नाशिक जिल्ह्यात वाळवंट नाही. तरीही मालेगाव-सटाणा पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर जाणे नवलाचे राहिलेले नाही. त्यात तापलेला काळा कातळ, वाळलेले गवत आणि आटलेली टाकी यांची भर पडते. त्यामुळे अमेरिकेतील डेथ व्हॅली आणि जोशुआ ट्री या उष्ण वाळवंटी राष्ट्रीय उद्यानांतील शोधमोहिमांचे धडे येथेही बरेचसे लागू पडतात. एक फरक मात्र सतत ध्यानात ठेवावा लागतो. वाळवंटात वाट चुकलेला माणूस मैलोनमैल चालत जाऊ शकतो. सह्याद्रीत त्याला थोड्याच वेळात एखादा कडा अडवतो. म्हणून आपल्याकडे नकाशावरील अंतर कमी निघते, पण त्या अंतरात शोधायची जागा उभी, घळींची आणि कपारींची असते.

आधी चौकशी

सर्वप्रथम ११२ या क्रमांकावर कळवावे, स्थानिक पोलीस ठाण्यात नोंद करावी आणि वनरक्षकाला सांगावे. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. मोबाईलच्या टॉवरची माहिती पोलिसांच्या मागणीशिवाय मिळत नाही, त्यामुळे ‘आधी आपण पाहून येऊ, मग पोलिसांकडे जाऊ’ हा विचार महागात पडतो.

त्यानंतर दोन शांत डोक्याच्या माणसांनी घरच्यांशी आणि सोबत्यांशी बोलायला बसावे. माझ्या मते संपूर्ण मोहिमेतील हे सर्वांत महत्त्वाचे काम आहे आणि नेमके तेच उरकून टाकले जाते. ‘उंची किती, शर्ट कोणत्या रंगाचा’ एवढे पुरेसे नसते. सोबत पाणी किती होते, आदल्या रात्री झोप झाली होती का, मधुमेह किंवा रक्तदाबाचे औषध चालू आहे का, ठरल्या वेळेपेक्षा उशीर झाला तर हा माणूस थांबतो की जवळची वाट शोधायला निघतो, पूर्वी या डोंगरावर आला होता का, आणि मुख्य म्हणजे त्याने हा डोंगर कोणत्या नकाशावर किंवा कोणाच्या व्हिडिओत पाहिला होता, हे विचारावे. बुटाचा प्रकार आणि माप विचारावे. तोच बूट दुकानात मिळत असेल तर त्याच्या तळव्याचा फोटो मागवून प्रत्येक तुकडीच्या मोबाईलवर पाठवावा.

त्याने पाठवलेला शेवटचा फोटो हाती आला, तर तो काळजीपूर्वक पाहावा. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने आलेल्या फोटोतून ठिकाणाची अंतर्गत नोंद निघून गेलेली असते. पण चित्रात दिसणारी सावली, मागची डोंगररेष आणि पायाखालचा दगड शिल्लक असतात. असा फोटो गावातील गुराख्याला दाखवला, तर ‘ही सोनारमाचीच्या अलीकडची धार’ असे तो ज्या खात्रीने सांगेल, ती कोणत्याही ॲपमध्ये सापडणार नाही.

नकाशा त्याच्या डोळ्यांनी पाहावा

मिळालेल्या माहितीवरून नकाशावर एक खूण करावी: तो नक्की होता असे ठामपणे म्हणता येईल, असे शेवटचे ठिकाण. पायथ्याशी उभी असलेली मोटरसायकल, वाटेवरच्या झोपडीत मागितलेले पाणी, वेळेसह आलेला फोन, असे काहीही त्यासाठी चालते. ‘बहुतेक तिकडेच गेला असेल’ हे मात्र चालत नाही. तेथून कोणत्या वाटा फुटतात, कोणत्या ढोरवाटा मुख्य वाटेपेक्षा मळलेल्या दिसतात आणि कोठे डावीकडे वळायचे ते उजवीकडे वळले जाते, हे स्थानिकांकडून काढून घ्यावे. सातमाळा रांगेतील धोडप किल्ल्याचेच उदाहरण पाहू. पायथ्याच्या हट्टी गावाकडून चढलेला माणूस माचीवरून उतरताना बाजू चुकला, तर दक्षिणेकडे चांदवड तालुक्यात उतरण्याऐवजी उत्तरेकडे कळवण तालुक्यात उतरू लागतो. म्हणजे पोलीस ठाणे बदलले, गावे बदलली, आणि हट्टीत जमलेल्या गर्दीला त्याचा पत्ताही नाही. त्यामुळे डोंगराच्या दोन्ही बाजूंच्या पोलीस पाटलांना पहिल्याच तासात फोन गेला पाहिजे.

माणूस कसा विचार करतो यावर शोध कसा अवलंबून असतो, याचे ठळक उदाहरण डेथ व्हॅलीत घडले. जुलै १९९६ मध्ये चार जर्मन पर्यटक तेथे बेपत्ता झाले. ऑक्टोबरमध्ये त्यांची भाड्याची गाडी एका दुर्गम घळीत, टायर फुटलेल्या अवस्थेत मिळाली. मोठा शोध झाला, पण माणसे सापडली नाहीत. २००९ मध्ये दोन स्वयंसेवकांना गाडीपासून दक्षिणेकडे, कित्येक किलोमीटरवर अवशेष मिळाले. त्या बाजूला काहीच नसल्यामुळे तिकडे कोणी जाणार नाही, असे सर्वांनी धरले होते. या स्वयंसेवकांनी उलट विचार केला: नकाशावर दक्षिणेला लष्करी तळाची हद्द दिसते, युरोपातील माणसाला वाटणार की हद्द म्हटल्यावर तेथे पहारा असणार आणि मदत मिळणार. प्रत्यक्षात तेथे केवळ ओसाड माळ होता. आपल्याकडेही मुंबई-पुण्याहून आलेल्या माणसाला कड्यावरून खाली गाव दिसते आणि तो सरळ त्या दिशेने नाळेत, म्हणजे डोंगरातून उतरणाऱ्या अरुंद घळीत, उतरतो. मधला शंभर फुटांचा कडा वरून दिसत नाही. पावसाळी धबधब्याच्या कोरड्या वाटा म्हणूनच सर्वांत आधी पाहाव्यात, आणि त्याही तळापासून वर तसेच वरून खाली अशा दोन्ही बाजूंनी.

टॉवरची माहिती आली तरी हुरळून जाऊ नये. एकाच टॉवरने दिलेले अंतर म्हणजे टॉवरभोवतीचे एक वर्तुळ किंवा त्याचा तुकडा असतो; त्यावर माणूस नेमका कोठे आहे, हे त्यातून कळत नाही. जोशुआ ट्री उद्यानात जून २०१० मध्ये एकट्याने गेलेल्या एका ट्रेकरच्या शोधात टॉवरची अशी नोंद हाती होती. स्वयंसेवक वर्षानुवर्षे ते रान पालथे घालत राहिले, तरी अवशेष मिळायला २०२२ साल उजाडले.

खेड्यात अशा वेळी ‘चकवा लागला असेल’ असे हमखास म्हटले जाते. जर्मनीतील मॅक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहारातही माणसे चालवून पाहिली होती. सूर्य किंवा चंद्र दिसत असेपर्यंत माणसे थोडीफार भरकटली तरी साधारण सरळ गेली. तो दिसेनासा झाला की नकळत गोल फिरू लागली. तेव्हा भर दुपारी वाट चुकलेला माणूस जवळपासच घोटाळत असेल, असे गृहीत धरू नये. अंधारात चुकलेल्याबद्दल मात्र चकव्याची शक्यता जरूर धरावी.

पहिली तुकडी आणि पाऊलखुणा

पहिल्या फेरीला तीन-चार चपळ आणि डोंगर जाणणाऱ्या माणसांच्या दोन-तीन तुकड्या पुरतात. त्यांनी मुख्य वाट, पाण्याची टाकी, गुहा, मंदिर, खिंड अशी ठिकाणे झपाट्याने पाहून यावीत. त्याच वेळी प्रत्येक उतरणीच्या तोंडाशी, डांबरी सडकेवर आणि पाड्यावर एकेक माणूस बसवावा. हे काम कंटाळवाणे असल्याने त्याला कोणी तयार होत नाही. परंतु हरवलेला माणूस स्वतःच्या पायांनी या घेऱ्याबाहेर गेला, तर वर कितीही माणसे असून उपयोग नसतो.

पाऊलखुणा पाहण्याची वेळ सकाळची आणि सायंकाळची. सूर्य डोक्यावर असताना फुफाट्यातला ठसा सपाट दिसतो. ऊन तिरपे असताना त्याच ठशाच्या कडेला बारीक सावली पडून तळव्याची नक्षी उठून दिसते. ठसा आपल्या आणि सूर्याच्या मध्ये येईल असे उभे राहून, वाकून पाहावे. एक ठसा मिळाला की त्याभोवती दगडांचे कडे करावे, शेजारी रुपयाचे नाणे ठेवून फोटो काढावा, आणि टाचेपासून पुढच्या टाचेपर्यंतचे अंतर काठीवर खुणेने घ्यावे. पुढचा ठसा दिसत नसेल, तर त्या काठीच्या टप्प्यात कमानीसारखे फिरवून पाहिल्यास मुरमावरही निसटता दगड किंवा दबलेले गवत सापडते. वणव्यात जळालेल्या उतारावर तर राखेत ठसे फारच स्पष्ट उमटतात. ठशांवरून चालू नये, त्यांच्या बाजूने चालावे.

हाताला हात लावून साखळी करणे ही सर्वांत शेवटची पद्धत होय. ती दिसायला शिस्तबद्ध असते, पण माणसे फार लागतात, वेळ फार जातो आणि खुणा पुसल्या जातात. त्यापेक्षा एकमेकांना जेमतेम दिसतील इतक्या अंतराने चालावे आणि प्रत्येकाने आपल्या पट्ट्यातील झुडपे, खडकांच्या आडोशाच्या बाजू मुद्दाम वळून पाहाव्यात. ठरल्या मिनिटाला सर्व तुकड्यांनी एकदम शिट्टी वाजवावी आणि मग दोन मिनिटे पूर्ण शांतता पाळावी. ऐकण्यासाठीची ही दोन मिनिटे हाका मारण्यापेक्षा मोलाची असतात, कारण घसा सुकलेल्या माणसाचा आवाज फार लांब जात नाही.

ऊन, सावली आणि मोहोळ

शोधाचे वेळापत्रक उन्हावरून ठरवावे. पहाटे निघावे, अकराच्या सुमारास तुकड्यांनी सावलीत थांबावे आणि चारनंतर पुन्हा निघावे. भर दुपारी चालायचेच असेल, तर आलटून पालटून आणि सावलीच्या बाजूने. प्रत्येकाने तासाला पाऊण ते एक लिटर पाणी घोट-घोट प्यावे आणि सोबत मीठ-साखरेचे पाणी किंवा ओआरएस असावे, कारण घाम गाळत नुसते पाणी पीत राहिल्यानेही रक्तातील मीठ कमी होऊन माणूस भ्रमिष्ट होतो. हरवलेल्या माणसासाठी नेलेले पाणी वेगळे ठेवावे. ते शोधणाऱ्यांनीच संपवल्याचे प्रसंग घडतात.

तापलेला माणूस सावलीकडे सरकतो. सकाळी पश्चिमेच्या बाजूला असलेली सावली दुपारनंतर पूर्वेला जाते, आणि तिच्यामागे तोही सरकतो. म्हणून एखादा भला मोठा धोंडा सकाळी पाहून झाला असला, तरी संध्याकाळी त्याच्या दुसऱ्या बाजूने तो पुन्हा पाहावा. टाकून दिलेली पाठपिशवी, रिकामी बाटली, टोपी दिसली तर ती उचलू नये. आधी फोटो, ठिकाण आणि वेळ नोंदवावी.

ड्रोनच्या उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याबद्दल फार गैरसमज आहेत. दुपारी कातळ माणसाच्या अंगापेक्षा अधिक तापलेला असतो, त्यामुळे माणूस त्यात वेगळा उठून दिसत नाही. असा ड्रोन उजाडण्यापूर्वीच्या तासाभरात उडवावा. कड्यांजवळ आणखी एक धोका असतो, तो आग्या मोहोळाचा. कपारी पाहायला जाण्यापूर्वी मोहोळ कोठे लागले आहे ते गावात विचारावे, अत्तर लावून जाऊ नये, धूर करू नये आणि तेथे ड्रोन जवळून नेऊ नये.

न सापडल्याची नोंद

प्रत्येक तुकडीने जाताना जीपीएसची नोंद चालू ठेवावी आणि परतल्यावर ती एकाच नकाशावर उतरवावी. नुसते ‘तिकडे पाहिले, काही नाही’ हे वाक्य निरुपयोगी आहे. किती बारकाईने पाहिले, हे विचारावे: तेथे माणूस निपचित पडला असता, तर दहांपैकी किती वेळा दिसला असता?

हा हिशेब दुसऱ्या महायुद्धात गणितज्ञ बर्नार्ड कूपमन यांनी अमेरिकी नौदलासाठी, पाणबुड्यांच्या शोधाकरिता बसवला. समजा, जाणकारांनी एकत्र बसून पूर्वेच्या नाळेला ४० टक्के शक्यता दिली, पठाराला ३०, खिंडीपलीकडच्या रानाला २० आणि या सगळ्याच्या बाहेर १० टक्के. नाळ पाहून झाली, आणि दहांपैकी सात वेळा दिसला असता इतक्या बारकाईने पाहिली. तरी नाळेत ४० पैकी १२ वाटे शिल्लक राहतात. चारही जागांचे मिळून उरले ७२, आणि तेच आता पूर्ण शंभर धरायचे. म्हणजे आता नाळेची शक्यता सुमारे १७ टक्के, पठाराची ४२, रानाची २८ आणि बाहेरची १४. उद्या पठाराकडे जायचे हे स्पष्ट झाले. पण नाळ रिकामी ठरली नाही, हेही त्याच कागदावर दिसते. बाहेरच्या शक्यतेला शून्य कधीही देऊ नये. माणूस एसटीने घरी निघून गेलेला असणे हाही तिचाच एक भाग आहे.

सापडल्यावर

अंग भाजल्यासारखे गरम, बोलणे असंबद्ध, तोल जातो आहे, अशी लक्षणे असतील तर तो उष्माघात समजावा. घाम येत असला तरी समजावा. खाली नेण्याच्या घाईपेक्षा अंग थंड करणे आधी येते. सावलीत निजवून जास्तीचे कपडे काढावेत, अंगावर पाणी ओतून जोराने वारा घालावा, बर्फ मिळाल्यास मान, काख आणि जांघेत ठेवावा आणि तोवर १०८ला फोन करावा. शुद्ध नसलेल्याला पाणी पाजू नये. तापावरच्या गोळ्यांचा येथे उपयोग होत नाही. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, ही समजूत कांद्याच्या या जिल्ह्यात घट्ट बसलेली आहे. कांदा खुशाल ठेवावा, पण पाण्याची बाटली काढून त्या जागी नव्हे. शुद्धीवर असलेल्याला ओआरएस थोडे-थोडे द्यावे.

पडलेल्या माणसाच्या मानेला किंवा पाठीला मार असण्याची शंका असेल, तर जागच्या जागी सावली करून, दोराचे प्रशिक्षण असलेली तुकडी येईपर्यंत थांबावे. निधन झालेले आढळल्यास कशालाही हात न लावता पोलिसांची वाट पाहावी आणि घरच्यांना ही वार्ता फक्त पोलिसांनी किंवा ठरवलेल्या एकाच माणसाने द्यावी. मोबाईलवरून फोटो फिरता कामा नयेत.

शेवटी पायथ्याशी, वर जाणाऱ्यांची नावे लिहिलेल्या वहीतील प्रत्येक नाव पुकारून, वर गेलेला प्रत्येक जण उतरला आहे याची खातरजमा करावी आणि डोंगराच्या पलीकडच्या गावात, खिंडीत, फाट्यावर बसवलेल्या माणसांना शोध थांबल्याचा निरोप पोहोचवावा.