गेट व्हॉल्व्ह किती वेळात उघडावा आणि किती वेळात बंद करावा

गेट व्हॉल्व्ह (चाक फिरवून आतली पाचर खाली उतरवत पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) बंद व्हायला किती वेळ लागतो, असे विचारले की बहुतेक जण चाकाचे एकूण फेरे मोजून एकच आकडा सांगतात. तो आकडा खोटा नसतो, पण पाइपलाइन वाचवण्यासाठी त्याचा फारसा उपयोग होत नाही. चिपळूण-खेड पट्ट्यात नदीकाठच्या जॅकवेलमधून (पंप बसवलेल्या विहिरीतून) सड्यावरच्या टाकीत पाणी चढवणाऱ्या आणि तिथून खाडीकाठच्या गावांत ते उताराने सोडणाऱ्या योजनांवर मी बरीच वर्षे व्हॉल्व्ह चालवले आहेत. त्या अनुभवावरून ठामपणे सांगतो की एकूण वेळेपेक्षा शेवटच्या पाचव्या हिश्शाला दिलेला वेळ महत्त्वाचा असतो.

आधी फेरे मोजावेत

व्यासाच्या इंचांना तीनने गुणून त्यात दोन किंवा तीन मिळवले की पाणीपुरवठ्याच्या व्हॉल्व्हचे फेरे साधारण कळतात. २५० मिलिमीटरच्या, म्हणजे दहा इंची व्हॉल्व्हला ३२-३३ फेरे लागतात. हा केवळ अंदाज आहे. स्पिंडलच्या, म्हणजे पाचर वर-खाली करणाऱ्या दांड्याच्या, आट्यांचा पिच (दोन आट्यांमधले अंतर) बदलला किंवा मध्ये गिअरबॉक्स असला की आकडा बदलतो. म्हणून आपला व्हॉल्व्ह एकदा स्वतः पूर्ण चालवून फेरे मोजावेत आणि तो आकडा, बंद करण्याच्या दिशेसह, चेंबरच्या आतल्या भिंतीवर ऑइल पेंटने लिहून ठेवावा.

बंद करताना

हीच पायरी मला सुरुवातीला समजली नव्हती, आणि आजही चांगले जाणकार इथेच चुकीचा सल्ला देतात. ‘गेट व्हॉल्व्ह मुळातच सावकाश बंद होतो, त्यामुळे त्याच्याने वॉटर हॅमर होत नाही,’ म्हणजे पाणी अचानक अडल्याने पाइपाला दाबाचा दणका बसत नाही, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की आता ते ऐकून घेण्याचा धीर उरलेला नाही. बॉल व्हॉल्व्ह पाव फेऱ्यात बंद होतो आणि गेट व्हॉल्व्हला तीस फेरे लागतात, एवढे खरे आहे. परंतु गेटची पाचर वरून निम्मी खाली आली तरी लांब लाइनमधले पाणी जवळजवळ पूर्वीच्याच वेगाने वाहत राहते, कारण दोन-तीन किलोमीटर पाइपाच्या घर्षणापुढे अर्धवट उतरलेल्या पाचरेचा अडथळा किरकोळ असतो. पाचर सुमारे चार पंचमांश उतरल्यानंतर प्रवाह खऱ्या अर्थाने तुटू लागतो, आणि उरलेल्या मोजक्या फेऱ्यांत तो थेट शून्यावर येतो. म्हणजे चाक फिरवायला तीन मिनिटे लागली तरी पाण्याच्या दृष्टीने व्हॉल्व्ह शेवटच्या काही सेकंदांतच बंद झालेला असतो.

त्या सेकंदांचे महत्त्व का, तेही समजून घ्यावे. पाणी अडले की दाबाची लाट व्हॉल्व्हपासून उलटी टाकीकडे धावते आणि तिथून परत येते. बिडाच्या किंवा लोखंडी पाइपात तिचा वेग सेकंदाला साधारण १,००० ते १,२०० मीटर असतो. २,४०० मीटरच्या लाइनमध्ये जाऊन-येऊन चार ते पाच सेकंद होतात. प्रवाह एवढ्या वेळात पूर्ण तुटला, तर पाण्याच्या दर एक मीटर प्रति सेकंद वेगामागे सुमारे १०० मीटर उंचीच्या पाण्याइतका, म्हणजे गेजवर दहा किलोचा (दर चौरस सेंटिमीटरला), जादा दाब येतो. रशियन शास्त्रज्ञ झुकोव्स्की यांनी मॉस्कोच्या जलवाहिन्यांवर प्रयोग करून हा हिशेब १८९८ मध्ये मांडला. पीव्हीसी पाइपात लाट बरीच मंद धावते आणि दणका निम्म्याहून कमी बसतो. मात्र तो पाइपही तितकाच दुबळा असतो, तेव्हा त्या भरवशावर घाई करू नये.

माझ्या हातून नेमके हेच घडले. सड्यावरच्या टाकीतून खाली येणारी २५० मिलिमीटरची बिडाची लाइन होती आणि गळती काढण्यासाठी मी खालचा व्हॉल्व्ह बंद करत होतो. पहिले पंचवीस फेरे मी अगदी निवांत फिरवले, गेजचा काटा फारसा हललाच नाही, आणि ‘आता काय, झालेच’ असे वाटून उरलेले फेरे दोन्ही हातांनी भराभर ओढले. जमिनीतून घण मारल्यासारखा आवाज आला. सहा किलोवर असलेला काटा गेजच्या टोकाला आपटला. पाठोपाठ वरच्या वळणावरचा जोड सुटला आणि जांभ्याच्या गडग्याखालून लाल पाणी रस्त्यावर आले. गावाला दोन दिवस पाणी मिळाले नाही, आणि त्याला एकूण दहा-बारा सेकंदांची घाई कारणीभूत होती. काटा स्थिर राहणे म्हणजे लाइन सुरक्षित असणे नव्हे, हे तेव्हा कळले. ज्या फेऱ्यांत काटा हलत नाही, त्यांत काम झालेलेच नसते.

म्हणून बंद करण्याची माझी पद्धत अशी आहे. ३३ फेऱ्यांच्या व्हॉल्व्हचे पहिले २६ फेरे सवयीच्या वेगाने, दीड-दोन मिनिटांत फिरवावेत. तिथे थांबून हात बदलावा आणि गेजकडे पाहावे. उरलेले सात फेरे पाव-पाव फेऱ्याने, प्रत्येक पाव फेऱ्यानंतर दहा सेकंद थांबत घ्यावेत. त्याला जवळजवळ पाच मिनिटे लागतात. काटा नेहमीच्या दाबापेक्षा एखाद्या किलोने जास्त उसळला, तर थांबण्याचा वेळ दुप्पट करावा. लाइन पाच किलोमीटरची असेल तर सुरुवातीपासूनच वीस सेकंद धरावेत. फेरे मोजताना कोणाशी बोलू नये. एक फेरा चुकला की शेवटचा हिस्सा कुठून सुरू झाला, हेच कळत नाही.

धातूची बैठक असलेल्या व्हॉल्व्हमध्ये पाचर ज्या खाचेत बसते, तिथे पावसाळ्यात आपल्याकडचा तांबडा गाळ हमखास साचतो. शेवटचे दोन फेरे उरले की तसेच पुढे न दाबता एखादा फेरा परत उघडावा आणि फटीतून सुटणाऱ्या जोरदार पाण्याला तो गाळ धुऊन नेऊ द्यावा. मग पुन्हा पाव-पाव फेऱ्याने खाली यावे. एवढे करूनही पाणी झिरपत असेल, तर टी-चावीला लांब पाइप अडकवून आवळण्याचा मोह होतो. तो सल्ला देणाऱ्याचे कधीही ऐकू नये. त्याने स्पिंडल वाकतो किंवा पाचरेतला नट फाटतो, आणि मग व्हॉल्व्ह उघडतही नाही.

व्हॉल्व्ह लाइनच्या वरच्या टोकाला असेल, तर बंद करताना त्याच्या पुढच्या पाइपात दाब घसरतो. तिथला एअर व्हॉल्व्ह (पाइपात हवा आत-बाहेर जाऊ देणारा) अडकलेला नाही, हे आधी पाहून घ्यावे.

उघडताना

रिकामी लाइन भरताना व्हॉल्व्ह दोन-तीन फेरेच उघडावा आणि पाइपातला वेग सेकंदाला ०.३ मीटरच्या पुढे जाऊ देऊ नये. या हिशेबाने वरची २,४०० मीटरची लाइन भरायला सव्वादोन तास लागतात. लोकांचे फोन येत राहिले तरी तेवढा वेळ द्यावा. एअर व्हॉल्व्हमधून हवा जायची थांबली आणि दोन्ही बाजूंचा दाब सारखा झाला की पुढचे फेरे नेहमीच्या वेगाने घेता येतात.

मोठा व्हॉल्व्ह एका बाजूच्या पूर्ण दाबावर उघडण्याचा प्रयत्न करू नये. ३०० मिलिमीटरच्या पाचरेवर दहा किलो दाब म्हणजे सुमारे सात टनांचा भार होतो. बायपास (व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजू जोडणारी लहान लाइन) असेल तर तो आधी उघडावा.

पूर्ण उघडल्यावर पाव फेरा मागे घ्यावा. अर्धवट उघडा ठेवून पाणी वाटू नये. पाचर थरथरून बैठक झिजते. त्या कामाला बटरफ्लाय किंवा ग्लोब व्हॉल्व्ह असतो.

मोटरवरचे व्हॉल्व्ह

गेट व्हॉल्व्हच्या मोटरने पाचर सरकवण्याचा वेग साधारणपणे मिनिटाला ३०० मिलिमीटर धरतात, म्हणजे ३०० मिलिमीटरचा व्हॉल्व्ह एका मिनिटात बंद होतो आणि शेवटचा पाचवा हिस्सा अवघ्या बारा सेकंदांत जातो. कारखान्यातल्या शंभर मीटरच्या लाइनला हे चालते, लांब जलवाहिनीला चालत नाही. तिथे शेवटच्या टप्प्यात मोटर थांबत-थांबत चालवणारा टायमर घ्यावा. धातूच्या बैठकीचा व्हॉल्व्ह बंद होताना टॉर्क स्विचवर (ठरलेला जोर लागला की मोटर थांबवणारा) आणि उघडताना लिमिट स्विचवर (ठरलेल्या जागी थांबवणारा) थांबायला हवा. जोडणी उलट झालेली मी पाहिली आहे.

पंपाच्या डिलिव्हरी लाइनवर पंप थांबवण्याआधी व्हॉल्व्ह सावकाश बंद करावा आणि मग बटण दाबावे. पावसाळ्यात वीज अचानक गेली तर ही काळजी कामी येत नाही, तिथे दाबाचा दणका झेलणारी सर्ज टँक किंवा एअर व्हेसल (दाबाखाली हवा भरलेली टाकी) लागते.

खाऱ्या हवेत स्पिंडल गंजून जड झाला की पाव फेरा जमेनासा होतो; चाक अडते आणि मग एकदम सुटून अर्धा फेरा फिरते. त्यासाठी मे महिन्यात, चेंबर पाण्याने भरण्याआधी, ग्लँडची दोरी (स्पिंडलभोवतून पाणी झिरपू न देणारे पॅकिंग) बदलावी, आट्यांना ग्रीस लावावे आणि व्हॉल्व्ह एकदा याच पद्धतीने पूर्ण बंद करून पूर्ण उघडावा. फेरे भिंतीवरच्या आकड्यापेक्षा कमी भरले, तर पाचरेखाली काहीतरी अडकलेले आहे असे समजावे.