चौकटी आखण्याआधी टेप घ्या

फिल्मची संहिता पक्की झाली की लगेच स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रत्येक शॉटचं चौकटीतलं चित्र, काढायला बसू नका. आधी लोकेशनवर जा, तेही ज्या वेळेला शूट करणार त्याच वेळेला. ऊन कुठे पडतं, किती वेळ टिकतं, प्लग कुठे आहेत, फ्रिज घुरघुरतो का, हे टिपा आणि टेप लावून खोली मोजा. एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरच्या कॅमेऱ्यावर 50 एमएम लेन्सने उभा माणूस नखशिखान्त घ्यायचा तर कॅमेरा सहा-सात मीटर मागे न्यावा लागतो. 12 फुटी खोलीत त्याआधीच पाठीला भिंत लागते. कागदावर मात्र तो शॉट छान दिसतो!

मग खोलीचा वरून दिसणारा नकाशा काढा. पात्रं कुठे, कॅमेरा कुठे, आणि दोन पात्रांना जोडणारी रेषा. कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा, हाच तो 180 अंशांचा नियम. आमच्या पहिल्या फिल्ममध्ये कॅमेरा रेषेपलीकडे गेला, त्यामुळे दारातली नात उजवीकडे बघत होती आणि खुर्चीतले आजोबाही उजवीकडेच. एडिटला बसल्यावर दोघं तिसऱ्याच कुणाशी तरी बोलतायत असं वाटायला लागलं. तेव्हापासून प्रत्येक चौकटीत मी नजरेचा बाण काढतेच.

चित्रकला येत नसेल तर काडीची माणसं चालतात, किंवा मित्रांना उभं करून मोबाइलवर फोटो काढा. फिल्म 16:9 ची (रुंदी 16, उंची 9) असेल तर चौकट मात्र त्याच मापाची आखा. खाली सीन आणि शॉट नंबर (4अ, 4ब), लेन्स, कॅमेऱ्याची हालचाल आणि त्या क्षणी ऐकू येणारा आवाज लिहा. आवाज हमखास विसरतो.

आता शॉट मोजा. नवख्या टीमला लायटिंगसकट एक सेटअप, म्हणजे एका शॉटसाठीची कॅमेऱ्याची मांडणी, अर्ध्या तासाच्या आत जमत नाही, म्हणून आठ तासांत 14 पुरे. यादीत 30 असतील तर काट मारायचं काम आजच करा. ज्यांच्याशिवाय गोष्ट कळणारच नाही त्यांच्यावर लाल खूण. क्रम कथेचा नको, कॅमेऱ्याच्या दिशेचा ठेवा: खिडकीकडचे सगळे शॉट आधी उरका, मग लाइट फिरवा.

यादीच्या शेवटच्या ओळीत ‘रूम टोन, 30 सेकंद, सगळे गप्प’ असं लिहा. रूम टोन म्हणजे कुणी बोलत नसताना रेकॉर्ड केलेला खोलीचा आवाज. पॅकअपच्या गडबडीत ते कुणालाच आठवत नाही.