पोटगी भरली, तरी थकबाकीची नोटीस: माझा अनुभव

दापोलीकडचा मी, ट्रॉलरवर खलाशी. मुलीची पोटगी महिना ५,००० ठरलेली. कोर्टाची नोटीस आली: १४ महिने थकले, ७०,००० भरा. त्यातले १२ महिने मी दिले होते! झोप उडाली.

आधी मुलीच्या आईला फोन करून भांडलो, त्याने बिघडलंच. मग मोबाईलमधले स्क्रीनशॉट छापून वकिलांकडे नेले. ते म्हणाले, नुसत्या कागदाला वजन नाही. शाळेची फी भरल्याची पावतीही बाजूला ठेवली, कारण आदेशात फी वजा करायचं लिहिलेलंच नव्हतं.

कामी आलं ते असं. आधी आदेशाची प्रमाणित नक्कल काढली, पैसे नेमके कुठल्या तारखेपासून लागू ते पाहिलं. मग बँकेतून सही-शिक्क्याचा उतारा घेतला, बँकर्स बुक्स कायद्याखालच्या प्रमाणपत्रासह (उतारा बँकेच्या नोंदींची खरी प्रत आहे, असं बँक लिहून देते ते). वहीत तक्ता केला, प्रत्येक महिन्यापुढे तारीख, रक्कम आणि व्यवहार क्रमांक: नऊ महिने तिथेच जुळले. रोखीच्या तीनपैकी दोनांना व्हॉट्सॲपवर मुलीच्या आईचं 'मिळाले' होतं. ते चॅट मूळ फोनसह, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणाऱ्या) प्रमाणपत्रासोबत दिलं. मग लेखी म्हणणं आणि तक्ता एकत्र दाखल केला, तेही सुनावणीच्या तारखेआधी.

जून-जुलैच्या मासेमारी बंदीतले दोन महिने खरंच राहिले होते, ते कबूल केले. बिनपुराव्याचा रोखीचा एक महिना गेलाच. ७०,००० चे १५,००० झाले. कोर्टात भरून पावती घेतली. आता रोख देत नाही.